कागदाचा सायडक: जून ते सप्टेंबरच्या नोंदी

८ जून

काम ठरलं. ओरिगामीत, म्हणजे फक्त कागदाच्या घड्यांनी, पोकेमॉन या जपानी व्हिडिओ गेम आणि कार्टूनमधला बदकासारखा सायडक करायचा, एकाच चौकोनी कागदातून, कात्री आणि डिंकाशिवाय. डिझाइनही माझंच. पिकाचूच्या तयार रचना ढिगाने मिळतात, त्यातल्या काही मी केल्याही आहेत. पण दुसऱ्याने आखलेल्या पायऱ्यांवरून जाताना कागद नेमका तिथेच का वळवला हे कळत नाही. मला तेच समजून घ्यायचं आहे.

सायडक म्हणजे १९९६ च्या पहिल्या गेम्समधल्या १५१ प्राण्यांतला ५४ नंबरचा. कार्टूनमधल्या मिस्टी नावाच्या मुलीकडे असतो तो, कायम डोकं धरून उभा. अंग पिवळं, चोच आणि पावलं मलई रंगाची, डोक्यावर तीन काळे केस. दोन बाजूंना दोन रंग असलेल्या कागदाला हा प्राणी जवळजवळ झेपतो, प्रश्न उरतो फक्त केसांच्या तिसऱ्या रंगाचा.

टोकं मोजली. केस तीन, हात दोन, पाय दोन, चोच एक, शेपूट एक, म्हणजे नऊ. (नोंदींत पुढे ‘टोक’ म्हणजे फ्लॅप, मूळ घडीतून बाहेर निघणारा कुठलाही भाग.) जिथे मलई रंग दिसायला हवा ते टोक कागदाच्या कडेवर किंवा कोपऱ्यावरच घ्यावं लागेल. मधल्या भागातून काढलेल्या टोकाला मोकळी कड नसते, त्यामुळे त्याची आतली बाजू बाहेर काढता येत नाही. म्हणजे चोच कडेवर आणि पावलं कोपऱ्यात, एवढं पहिल्याच दिवशी पक्कं झालं.

१२ जून

ओरिगामीकार रॉबर्ट लँग यांचं ट्रीमेकर हे सॉफ्टवेअर वापरून पाहिलं. फुकट मिळतं. प्राण्याचा काड्यांचा सांगाडा काढून द्यायचा, प्रत्येक काडीची लांबी सांगायची, की ते चौकोनात टोकांची जागा बसवून घड्यांचा नकाशा (क्रीज पॅटर्न, सगळे सीपीच म्हणतात) देतं. कागद फार कमी वाया जातो हे खरं. पण मिळालेल्या सीपीत एकही बिंदू अर्ध्यावर, पावावर किंवा ओळखीच्या कोनावर नव्हता. असला नकाशा छापून त्यावर दुमडता येतो, कोऱ्या कागदावर हाताने शोधता येत नाही. मला दुसऱ्यांनाही करता येईल असं मॉडेल हवं आहे, म्हणून ट्रीमेकर बाजूला ठेवलं.

त्याऐवजी बॉक्स प्लीटिंग. कागदावर चौकटी पाडायच्या आणि सगळ्या घड्या त्या रेषांवर किंवा ४५ अंशांत घ्यायच्या. कागद जास्त खर्ची पडतो, थर वाढतात, पण प्रत्येक घडी कुठे येते हे मोजून सांगता येतं.

१६ जून

३२ × ३२ ची चौकट (त्यातला एक चौकोन म्हणजे एक घर). २४ मध्येही बसवून पाहिलं, पण त्यात चोचीला पुरेशी जागा ठेवली की केस दोनच घरांचे उरतात आणि थरांमुळे त्यांचे बुटके गोळे होतात.

हिशोब सोपा आहे. कोपऱ्यातलं टोक कडेवर जितक्या लांबीचं तितकीच घरं खातं, कडेच्या मधलं टोक दुप्पट खातं, आणि कागदाच्या आतल्या भागातलं टोक तर दोन्ही दिशांना दुप्पट. म्हणून कोपरे सगळ्यात स्वस्त, आणि ते कोणाला द्यायचे हाच डिझाइनमधला पहिला खरा निर्णय. मी खालचे दोन पावलांना दिले, वरचे दोन केसांना. हात डाव्या आणि उजव्या कडेवर, चोच वरच्या कडेच्या मधोमध, शेपूट खालच्या कडेच्या मधोमध.

वरची कड: केसांना ९, चोचीला १४ (म्हणजे ७ घरांची चोच), केसांना ९.
डावी कड वरून खाली: केस ३, डोकं ४, हात १० (५ घरांचा हात), धड ७, पाऊल ८.
दोन्हीची बेरीज ३२ येते.

केस तीन आहेत आणि वरचे कोपरे दोन, ही गाठ बराच वेळ सुटत नव्हती. एका कोपऱ्यातून एक आणि दुसऱ्यातून दोन काढले तर रचनेची उजवी-डावी जोडी मोडते आणि तिचा ताण थेट चेहऱ्यापर्यंत जातो. शेवटी दोन्ही बाजूंना दोन-दोन केस घेतले: एक कोपऱ्यातला ३ घरांचा, त्याला लागून वरच्या कडेवरचा ३ घरांचा. एकूण चार. त्यातले आतले दोन एकमेकांवर तंतोतंत बसवून मधला एक केस करायचा. रचना सममित राहते, आणि मधला केस थोडा जाड होतो तो उलट शोभतोच.

२२ जून

सीपी ओरिपामध्ये काढला. जुन मितानी यांचं हे सॉफ्टवेअर रेषा काढू देतं, जिथे कागद सपाट दुमडणार नाही ते बिंदू दाखवतं आणि घडी झाल्यावर आकार कसा दिसेल तेही काढून देतं. बहुतेक चुका मायेकावाच्या नियमाच्या होत्या. सपाट बसणाऱ्या कुठल्याही बिंदूवर माउंटन (वर उंचावणाऱ्या) आणि व्हॅली (आत खोल जाणाऱ्या) घड्यांच्या संख्येत दोनचाच फरक लागतो. केसांच्या मुळाशी मी एक रेषा विसरले होते, तेवढ्यामुळे आसपासचे सगळे बिंदू चुकीचे दिसत होते. बिंदू बरेच चुकलेले दिसले तर आधी सुटलेली एखादी रेषा शोधा, सगळ्यांना हात घालू नका.

ओरिपाने होकार दिला म्हणजे कागद दुमडेलच असं नाही, हे मात्र लक्षात ठेवायला हवं. त्याच्या हिशोबात कागदाला जाडीच नसते.

२९ जून

सरावासाठी वह्यापुस्तकांना कव्हर घालायचा खाकी कागद. स्वस्त, चिवट, आणि घडी धरून ठेवतो. ४० सेंटिमीटरचा चौकोन कापला की एक घर बरोबर सव्वा सेंटिमीटरचं. चौकोन खरंच चौकोन आहे का हे कडा मोजून कळत नाही, दोन्ही कर्ण मोजा. ४० च्या चौकोनाचा कर्ण ५६.६ येतो. दोन कर्णांत दोन-तीन मिलिमीटरचा फरक असेल तर कागद तिरका कापला गेला आहे, आणि ३२ घरांपर्यंत पोचेस्तोवर कोपऱ्यातल्या रेषा एकमेकींना भेटत नाहीत.

चौकटी पाडताना निम्मे, पाव, आठवा असं करत जायचं, पण दर वेळी कागद पूर्ण उघडून, एकाच थरावर. थरांवर थर ठेवून एकदम दुमडलं की आतल्या थराची रेषा सरकते. दोन्ही दिशांच्या चौकटींना मिळून सुमारे दोन तास लागतात. घाई केलेली चौकट नंतर कशानेही सुधारत नाही.

मग कोलॅप्स, म्हणजे सगळ्या घड्या एकत्र मिटवणं. मी खालून सुरू केलं: पावलं, शेपूट, धड, हात, आणि शेवटी केस आणि चोच. छोट्या बाइंडर क्लिपा लावत गेलं तर हात मोकळे राहतात. केसांपाशी पोचेपर्यंत संध्याकाळ झाली होती. बसलं पण सगळं. चोच बाहेर आली, पावलं बाहेर आली, मधले दोन केस एकावर एक बसले.

२ जुलै

खाकी मॉडेल टेबलावर होतं. भाचा आला, नऊ वर्षांचा आहे, त्याला पोकेमॉन तोंडपाठ. काही न सांगता त्याच्यासमोर ठेवलं.

“मावशी, बदक छान झालंय.”

“नीट बघ. कोण आहे?”

त्याने उलटसुलट करून पाहिलं. “केस आहेत म्हणजे सायडक असेल. पण त्याचं डोकं कुठे दुखतंय?”

मी हात वर वळवून दाखवले. ते गालापर्यंतच पोचत होते. गालावर हात ठेवलेलं बदक लाजल्यासारखं दिसतं. सायडकचे तळहात डोक्याच्या दोन्ही बाजूंना, डोळ्यांच्याही वर लागतात. डोकेदुखी वाढली की त्याची शक्ती जागी होते, त्याची सगळी गोष्टच त्या दोन हातांत आहे. मी पावलांना आठ घरं दिली होती, कारण तीन बोटं काढायची होती. हातांना पाच दिली होती, कारण चित्रात ते आखूड दिसतात. आखूड दिसतात ते कोपरात दुमडलेले असल्यामुळे.

डोक्याची उंची ४ घरं. ५ घरांचा हात खांद्यापासून डोक्याच्या वर जेमतेम एक घर उरतो, त्यात कोपर करायला कागदच नाही. हिशोब कागदावर समोर होता, मी तो फक्त बेरजेपुरता पाहिला होता.

५ जुलै

नवी वाटणी, डावी कड: केस ३, डोकं ४, हात १४ (म्हणजे ७ घरांचा हात), धड ५, पाऊल ६. पुन्हा ३२.

हातांना मिळालेली चार घरं धडातून दोन आणि पावलातून दोन अशी काढली. धड आखूड झालं ते आकाराच्या फायद्याचंच, सायडक ठेंगणाच आहे. पावलांची तीन बोटं सोडून दिली. सहा घरांत पसरट पाऊल होतं, त्यावर दोन चुण्या घेतल्या की बोटांचा भास होतो, आणि तेवढ्याने काम भागतं. कार्टूनमधल्या प्राण्याची प्रत्येक बारीक गोष्ट कागदात आणायची नसते. ज्या एका गोष्टीवरून लांबूनही तो ओळखू येतो तिला आधी पोटभर कागद द्यायचा आणि बाकीच्यांना उरलेल्यात भागवायचं. मी हे उलट्या क्रमाने केलं होतं, चोच आणि केस आधी ठरवून. रंगाच्या दृष्टीने तेच अवघड होते म्हणून. अवघड भाग आणि महत्त्वाचा भाग एकच असेल असं नाही.

खालची कड आता ६, २०, ६. शेपूट ३ घरांची, म्हणजे ६ खर्च. उरलेली १४ घरं दोन्ही बाजूंना सात-सात, कुठल्याच टोकाला दिली नाहीत. ती बुडाच्या गोलाईत जातील.

नवा सीपी, नवा खाकी चौकोन. या वेळी हात कोपरात वाकून डोक्याला लागले. फोटो भाच्याला पाठवला, उत्तरात त्याने फक्त सायडकचं स्टिकर पाठवलं.

१३ जुलै

आता खरा कागद. यात सगळ्यात जास्त पैसे आणि वेळ गेला, म्हणून सविस्तर लिहिते.

आयात केलेला दोन रंगी ओरिगामी कागद १५ सेंटिमीटरचा मिळतो. ३२ घरं पाडली तर एक घर पाच मिलिमीटरही भरत नाही. केस दीड सेंटिमीटरचे, तेही चार-पाच थरांचे. पाकिटातल्या कागदावर एक कोपरा करून पाहिला आणि पाकीट बंद करून ठेवलं.

पतंगी कागद पातळ आणि झगझगीत, मोठ्या तावात मिळतो. रेषा दोनदा इकडून तिकडे दुमडली की चौकटींच्या चौफुलीवर भोक पडतं. तो एकदा दुमडायचा कागद आहे.

झेरॉक्सचा ७५ जीएसएमचा (म्हणजे एका चौरस मीटरला ७५ ग्रॅम वजनाचा) कागद १६ घरांपर्यंत ठीक. ३२ ला चोचीच्या मुळाशी गठ्ठा होतो आणि चोच उलटी करताना फाटते.

म्हणून दोन टिश्यू एकमेकांवर चिकटवून कागद घरीच करायचा ठरवलं. भेटवस्तू गुंडाळायचा टिश्यू, १७ जीएसएमचा. पिवळा एक, मलई एक.

१५ जुलै

पिवळा टिश्यू ओला झाल्याबरोबर त्याचा रंग सुटला. मलईची बाजू लिंबासारखी पिवळट, त्यात ब्रशचे फराटे. रंगीत टिश्यूचा रंग पाण्यात पक्का नसतो. विकत घेतल्यावर एक कोपरा ओल्या बोटाने पांढऱ्या कागदावर दाबून पाहा, दहा सेकंदांत कळतं. मी तो कोपरा सगळं चिकटवून झाल्यावर पाहिला, म्हणून १२० रुपयांचं पाकीट गेलं.

१९ जुलै

खळीचा विचार केला होता. मैदा घरात असतोच, आणि बाइंडर लोक पिढ्यान्‌पिढ्या खळच वापरत आलेत. पण खळ लावलेल्या कागदाला कसर लागते. ती लागू नये म्हणून बाइंडर खळीत मोरचूद घालतात, ते विषारी असतं आणि फिकट कागदावर त्याची निळसर झाक उतरू शकते. घरात लहान मुलं येतात, मलई रंग स्वच्छ हवा आहे, म्हणून खळ नको.

परदेशातले लोक मेथिल सेल्युलोज, म्हणजे पाण्यात कालवून चिकट होणारी पावडर, वापरतात. माझ्या जवळ सहज मिळाली ती तिच्याच जातीची सीएमसी (कार्बोक्सीमेथिल सेल्युलोज), केकवरची सजावट करणारे वापरतात ती पावडर. एक सपाट चहाचा चमचा, पेलाभर पाणी. पाण्यात पावडर भुरभुरवत ढवळायची. पावडरवर पाणी ओतलं तर गाठी होतात आणि त्या मोडत नाहीत. रात्रभर झाकून ठेवलं की सकाळी पारदर्शक, पातळ जेलीसारखं तयार असतं.

दोन्ही टिश्यू पांढरे घेतले. बाल्कनीच्या सरकत्या काचेवर एक ताव कोरडाच टेकवला, मधून बाहेर रुंद मऊ ब्रशने सीएमसी लावली, त्यावर दुसरा ताव हळूहळू सोडला, पुन्हा ब्रश. सुरकुती पडली तर ओढायचं नाही, टिश्यू ओला असताना फाटतो. ब्रशने थोपटत बाहेर न्यायची.

आणि मग वाट. बाहेर धो धो पाऊस. उन्हाळ्यात दुपारभरात वाळला असता तो कागद तिसऱ्या दिवशीही मधोमध दमट होता. घाईने सोलायला गेले तर कोपरा काचेवरच राहिला. पंखा लावून ठेवला, आणि कडा स्वतःहून काचेवरून सुटू लागल्या तेव्हाच हात लावला. कडा सुटणं हीच वाळल्याची खूण, बोटाने चाचपून कळत नाही.

२८ जुलै

रंग. ॲक्रिलिक थेट लावलं तर वाळल्यावर प्लास्टिकसारखा थर होतो आणि घडीवर तडकून आतला पांढरा टिश्यू डोकावतो. म्हणून रंग सीएमसीत मिसळून, पाण्यासारखा पातळ, दोन हातांत. एका बाजूला पिवळा. दुसऱ्या बाजूला पांढऱ्यात पिवळ्याचा एक ठिपका घालून मलई.

तिसऱ्या रंगाचा प्रश्न इथेच सुटला. पिवळी बाजू ओली असताना नव्हे, पूर्ण वाळल्यावर, वरच्या कडेवर दोन्ही टोकांना काळा लावला. डावीकडे कोपऱ्यापासून कडेवर ९ घरं, खाली ३ घरं, तसंच उजवीकडे. केस बरोबर याच पट्टीतून निघतात. पट्टीच्या आतल्या कडेला काळा रंग ब्रशने विरळ करत नेला, म्हणजे केसांच्या मुळाशी रंग कमीजास्त झाला तरी काळी रेघ कपाळावर उतरत नाही.

मॉडेल झाल्यावर रंगवणं मला पटत नाही, तिथे हात घडीवरून चित्राकडे जातो. कागद घडवतानाच त्यावर रंग देणं वेगळं, तो कागदाचाच भाग होतो. यावर मतभेद आहेत, प्रत्येकाने आपलं ठरवावं. मी हे करणार.

१० ऑगस्ट

खऱ्या कागदावर दुमडायला बसले. चौकटी सगळ्या पाडल्या आणि कागद उजेडात धरला तेव्हा लक्षात आलं की सायडकच्या पोटावर उभ्या-आडव्या रेषांची जाळी राहणार आहे. खाकीवर ती दिसली नव्हती, पिवळ्या रंगावर प्रत्येक रेषेची कड उजेड पकडते. पुढे गेले, पूर्ण केलं, आणि ते मॉडेल सरावात जमा केलं. पोट गुळगुळीत नसेल तर हा प्राणी गोंडस दिसत नाही, चौकटीच्या वहीचं पान वाटतो.

१५ ऑगस्ट

सुटी, पूर्ण दिवस हातात. नवा ताव (दुसरा आधीच रंगवून ठेवला होता, हे फार बरं झालं).

या वेळी चौकट कागदावर पाडली नाही. सीपी छापून घेतला, कागद त्यावर ठेवला, आणि शाई संपलेल्या बॉलपेनच्या रिफिलने स्टीलच्या पट्टीवरून फक्त लागणाऱ्या रेषा ओढल्या. रिफिलचं बारीक टोक रंग न सोडता खाच पाडतं. मग त्या खाचांवर घड्या. पोटाच्या मधल्या भागातून एकही रेषा गेली नाही.

चोचीचं टोक मोज्यासारखं आतून बाहेर उलटवलं. खाकीवर हे पटकन झालं होतं, इथे कागद नवीन आणि रंगाने थोडा ताठ. टोकाच्या मुळाशी ओला ब्रश फिरवून दोन मिनिटं थांबले, कागद मऊ पडला, आणि मग न फाटता उलटला. मुळाशी कडेचा थोडा कागद दोन्ही बाजूंना बाहेर मुडपला की मलई रंगाच्या दोन चकत्या दिसतात, तेच डोळे. बुबुळं काढली नाहीत. रिफिलच्या टोकाने प्रत्येक चकतीच्या मध्यावर एक खळगा दाबला. उजेड बाजूने आला की त्यात सावलीचा ठिपका पडतो, आणि तेवढा बारीक ठिपकाच सायडकच्या त्या भांबावलेल्या नजरेला लागतो.

१७ ऑगस्ट

गोलाई. अकिरा योशिझावा (१९११–२००५) यांनी रूढ केलेली ओल्या घडीची पद्धत इथे कामाची आहे. कागदातला चिकट पदार्थ पाण्याने मऊ होतो, आकार द्यायचा, वाळला की तो पुन्हा आवळतो. आपल्या कागदात सीएमसी आहेच.

पोटाला आतून बोट घालून, बाहेरून ओलसर ब्रशने. ओलसर म्हणजे ब्रश कपड्यावर पुसून मग. पाण्याचा थेंब दिसला तर जास्त झालं. बुडाला ठेवलेली ती सात-सात घरं आता आत वळवली, बूड गोल झालं. पोटात कापूस भरून वाळेपर्यंत ठेवला, मग चिमट्याने काढून घेतला.

हात सर्वांत शेवटी. खांदा, कोपर, मनगट, असे तीन वळसे. तळहात डोक्याला टेकवून शिवणाच्या दोऱ्याने सैल बांधले आणि टेबललॅम्पखाली रात्रभर ठेवलं. सकाळी दोरा काढला तर हात तिथेच होते.

२४ ऑगस्ट

आठवडाभर पाऊस, हवेत ओल, आणि हात सुटले. डावा तळहात डोक्यापासून बोटभर लांब. पोटाची गोलाईही जराशी ढिली.

मॉडेल पुन्हा लॅम्पखाली कोरडं केलं, हात बसवले, आणि आतल्या बाजूने, कुठेही दिसणार नाही अशा थरांत, जाडसर सीएमसी बारीक ब्रशने लावली. हे दोन थर एकमेकांना चिकटवण्यासाठी नाही, कागद ताठ करण्यासाठी आहे. तरी काहींना ते चिकटवणंच वाटेल. कोकणात किंवा मुंबईत राहून पावसाळ्यात मॉडेल उभं ठेवायचं असेल तर माझ्या मते याला पर्याय नाही. नंतर ते बंद बरणीत ठेवलं, बुटांच्या खोक्यात येणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्यांसकट.

१ सप्टेंबर

बरणीतून काढून उभं केलं तर पुढे पडतं. मोठी चोच, वर उचललेले हात, सगळं वजन वर आणि पुढे. पावलं पुढे ओढून पाहिली, मग सायडक मागे रेलल्यासारखा दिसतो आणि डोकेदुखीचा बाक जातो.

उपाय शेपटीत सापडला. तीन घरांची शेपूट मी वर वळवली होती. ती खाली वळवून टोक टेबलाला टेकवलं आणि धड किंचित मागे तिच्यावर टेकलं, की पावलांसह तीन आधार झाले. वजन मागे आलं, पण डोकं पुढे झुकलेलंच राहिलं. शेपटीच्या मुळाशी आडवी चुणी घेतली म्हणजे ती वजनाने सपाट होत नाही. पंख्याखालीही उभं राहतं.

७ सप्टेंबर

खर्च. कामी आलेला: खाकी कागद ८०, पांढरा टिश्यू १५०, सीएमसी १४०, ॲक्रिलिकच्या तीन बाटल्या १८०, ब्रश ९०. बेरीज ६४० रुपये, आणि यात आणखी बरेच ताव होतील एवढं साहित्य उरलं आहे. वाया गेलेला: दोन रंगी आयात कागद ५५०, रंगीत टिश्यू १२०, पतंगी कागद २०. बेरीज ६९०.

वेळेचं म्हणाल तर दुमडण्यापेक्षा कागद वाळण्यात जास्त गेला. शक्य असेल तर ताव एप्रिल-मे मध्ये करून गुंडाळी करून ठेवा आणि पावसाळ्यात फक्त डिझाइन आणि खाकीवरचा सराव करा. माझा क्रम बरोबर उलटा झाला.

कुणाला करून पाहायचा असेल तर आधी खाकीवर फक्त वरचा डावा ९ × ९ घरांचा कोपरा करा. दोन केस तिथे बसले की उरलेला कागद अवघड नाही. त्यानंतर चोच उलटवण्याचा सराव वेगळ्या तुकड्यावर, खऱ्या कागदावर पहिल्यांदा नको. हातांची लांबी सात घरांपेक्षा कमी करू नका. पावलं हवी तर आणखी एका घराने लहान करा, ते घर धडाला द्या.

चोचीच्या नाकपुड्या अजून राहिल्या आहेत. वरच्या थरात दोन बारीक चुण्या घेऊन पाहिल्या तर चोच अरुंद होते. चोच ७ ऐवजी ८ घरांची घेतली तर कडेवर दोन घरं जास्त लागतील, ती केसांकडून घ्यावी लागतील आणि केस आधीच जेमतेम आहेत. ३६ च्या चौकटीवर मांडून बघते आहे. ३२ चा सीपी साफ करून ठेवला आहे. त्यात ज्या चौकटी दुमडायच्या नाहीत, म्हणजे पोट आणि कपाळ, तिथल्या रेषा पूर्ण पुसल्या आहेत. तिथे मोकळी जागा दिसली तर सीपी अर्धवट आहे असं समजून स्वतः रेषा भरू नका.